टोल्किनची हस्तलिखिते पाहायची तर परवानग्या कशा मिळवाव्यात

इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचे कागद एका ठिकाणी नाहीत, त्यामुळे अर्ज करण्याआधी आपल्याला हवे ते कुठे आहे हे पक्के करा. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे खर्डे अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठाकडे आहेत, विद्यापीठाने ते १९५७ च्या सुमारास १,५०० पौंडांना विकत घेतले. ‘सिल्मरिलियन’ या त्यांच्या पुराणकथांच्या पुस्तकाशी संबंधित कागद आणि प्राध्यापकीच्या काळातली व्याख्याने-टिपणे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत.

पाहणे, प्रत घेणे आणि छापणे या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. एक मिळाली म्हणजे पुढची मिळाली असे धरून चालणारे लोकच पुढे अडकतात.

सर्वांत आधी छापील साहित्य वाचून संपवा. मुलगा ख्रिस्तोफर याने १९८३ ते १९९६ या काळात वडिलांचे खर्डे १२ खंडांत संपादित केले. त्यातले ६ ते ९ हे खंड ‘रिंग्ज’च्या लेखनाबद्दल आहेत. मूळ कागद का हवा, असे अभिलेखपाल विचारणारच. ‘अभ्यासासाठी’ हे उत्तर पुरत नाही. ‘शाईखाली पेन्सिलीचा आधीचा मजकूर आहे आणि प्रतिमेत तो वाचता येत नाही’ हे पुरते. टोल्किन पुष्कळदा पेन्सिलीच्या खर्ड्यावरच शाईने लिहीत, म्हणून हे कारण खरेही असते. मार्क्वेटमध्ये सहसा वेळ ठरवून, ग्रंथालयातच, कागदांच्या प्रतिमा पाहायला मिळतात. बहुतेक प्रश्नांना त्या पुरेशा असतात.

अर्जात ग्रंथालयाच्या सूचीतला शेल्फमार्क (म्हणजे त्या कागदाचा ठावक्रमांक) जसाच्या तसा लिहा, आणि त्यातले नेमके कोणते भाग हवेत तेही. ‘सगळे टोल्किन’ मागणारा अर्ज मागे पडतो. होकार लेखी आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका. काही कागद बंद असतात, काही दुरुस्तीला गेलेले असतात.

बॉडलियनमध्ये वाचक ओळखपत्र लागते. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. नव्या वाचकाला प्रतिज्ञा घ्यावी लागते: ग्रंथालयात आग आणणार नाही, पेटवणार नाही. जुनी प्रथा आहे, आणि कागदाचा सांभाळ करणाऱ्यांनी ती टिकवली हे योग्यच झाले.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पाण्याची बाटलीही नाही. पेन्सिल, लॅपटॉप आणि सुटे कागद एवढेच न्या. पेन्सिलीला टोक टेबलापासून दूर जाऊन करा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. साध्या कागदाला सुती हातमोजे नकोत, कारण बोटांची जाणीव कमी होऊन कडा फाटतात. मोजे छायाचित्रांसाठी. पाने ज्या क्रमाने आली त्याच क्रमात ठेवा. क्रम चुकलेला वाटला तरी स्वतः लावू नका, कर्मचाऱ्याला सांगा.

फोटो काढता येतील असे गृहीत धरू नका. हाताने उतरवायचा वेळ धरूनच दिवस आखा. प्रत्येक टिपणापाशी शेल्फमार्क, पत्रक्रमांक (म्हणजे पानाचा क्रमांक) आणि पानाची पुढची की मागची बाजू हे लगेच लिहा. हे राहिले तर पुढे उतारा वापरता येत नाही.

छापण्याची परवानगी ग्रंथालय देत नाही, हक्कधारक देतात. ब्रिटनमध्ये हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतात; टोल्किन १९७३ साली वारले, त्यामुळे तिथे त्यांच्या लेखनाचे हक्क २०४३ अखेरपर्यंत चालू आहेत. हक्कधारकांना लिहिताना उतारा शब्दशः द्या, तो कुठे आणि कधी छापणार तेही सांगा. आणि नकार आला तरी उताऱ्यावाचून उभा राहील असा लेख आधीच रचून ठेवा.