शाळा सुटली आणि भोकाड सुरू झालं

बाई सांगतात, "वर्गात एकदम शहाणी आहे." आणि तीच मुलगी दारात बूट काढताना मोजा निघत नाही म्हणून भोकाड पसरते. दोन्ही खरं असतं. रांगेत उभं राहायचं, आवडती पेन्सिल दुसऱ्याला द्यायची, शू दाबून ठेवायची, हे सगळं चार ते सात वर्षांचं मूल नेटाने करतं. मात्र स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो या वयात फार कच्चा असतो. शाळा सुटेपर्यंत ताकद संपते आणि जे माणूस आपल्याला टाकणार नाही अशी खात्री असते, त्याच्यासमोर बांध फुटतो. आजीपाशी दिवसभर नीट असलेलं मूल आई कामावरून येताच रडतं, तेही याचमुळे. आईने लाडावलंय असा निकाल लगेच देऊ नये.

आधी शरीर, मग जवळीक, बोलणं शेवटी. बहुतेक घरांत हे उलट होतं. "काय शिकवलं? डबा संपवलास? कोणी मारलं का?" हे तीन प्रश्न लिफ्टमध्येच विचारून होतात. फाटकापाशी "आलास! चल" एवढंच म्हणा आणि पुढची पंधरा मिनिटं काही विचारू नका.

घरात शिरल्यावर "शू आली का?" असं विचारलं की उत्तर 'नाही'च येतं. त्याऐवजी "चल, आधी शू, मग खाऊ" म्हणा. शाळेतलं शौचालय नकोसं वाटतं म्हणून कित्येक मुलं तासन् तास थांबतात, पाणीही कमी पितात. पेलाभर पाणी द्या आणि दहा मिनिटांच्या आत खायला द्या. जेवायची वेळ असेल तर सरळ वरणभात, नाहीतर तूप-गुळाची पोळी किंवा केळं. व्हॅनचा प्रवास लांबचा असेल तर खाऊ वाटेतच द्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे नकोत, ते घशात अडकतात. कुटाचा लाडू चालेल. नुसत्या बिस्किटांवर थोड्याच वेळात पुन्हा किरकिर सुरू होते. डबा अर्धा परत आला म्हणून त्या क्षणी बोलू नका.

मग मूल बघा. सोफ्यावर आपटतंय, भावंडाला धक्के देतंय? त्याला अंगाला जोर लागेल असं काम हवंय: कांद्याची किलोभराची पिशवी आत नेणं, कणीक मळणं, दोन्ही हातांनी भिंत दहा वेळा 'ढकलणं' (खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येत नाही). उलट कानावर हात ठेवून पलंगाखाली शिरत असेल तर पडदा ओढा, टीव्ही बंद करा आणि जवळ नुसते बसा. मोबाइल दिला की घर शांत होतं खरं, पण तो काढून घेताना तेच रडणं व्याजासकट मिळतं.

आणि तरीही वादळ आलंच तर खाली बसा, आवाज उतरवा, शब्द मोजके ठेवा. "मोजा निघेना. खूप वैताग आलाय." मराठीत राग हा एकच शब्द नाही. हिरमुसणं, रुसणं, धास्ती, हेवा असे शब्द हळूहळू मुलाच्या कानावर घाला. अंदाज चुकला तर मूलच "नाही!" म्हणेल, हट्टाने पटवू नका. हात उगारला तर मनगट हलकेच धरून "मारू देणार नाही" म्हणा. 'उशीला मार' हा सल्ला मात्र टाळा. त्याने राग ओसरत नाही, मारायची सवय लागते. "मोठा श्वास घे" हेही ऐन रडण्यात चालत नाही. शांत असताना 'गरम वरणावर फुंकर' हा खेळ रोज पाच फुंकरांचा खेळून ठेवा, मग वेळेवर नुसती वाटी दाखवली तरी पुरते.

रडायला मुभा आहे, मागणीला नाही. चॉकलेटसाठी रडणं सुरू झालं असेल तर 'नाही' हे शेवटपर्यंत 'नाही'च, आणि ते आजोबांनाही आधीच सांगून ठेवलेलं बरं. "मुलगा असून रडतोस" आणि "पोलीस येईल" ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा.

बोलायचं ते रात्री, अंथरुणावर: "आज शेजारी कोण बसलं होतं?" शाळेनंतर निदान तासभर क्लास किंवा गृहपाठ नको. झोपेचा हिशेबही घाला: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास, सहा वर्षांपुढे ९ ते १२. सहाला उठायचं तर आठला डोळा लागायला हवा. मुलांची झोप होत नाही म्हणूनच महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा आदेश निघाला.

जूनमधले पहिले काही आठवडे हे चालायचंच. दिवाळीची सुट्टी आली तरी रोज तेच, सकाळी पोट दुखतं, अंथरूण ओलं करणं सुटलं होतं ते पुन्हा सुरू झालं, तर वर्गशिक्षिकेशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. एखाद्या माणसाचं किंवा व्हॅनचं नाव काढताच मूल आक्रसत असेल, तर खोदून विचारू नका. सांगेल तेवढं शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.