हृदय कमजोर असेल तर वजनकाटा रोज हवा
हार्ट फेल्युअर असलेल्या आजी-आजोबांचं वजन रोज सकाळी करा: लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर. नाशिकच्या थंडीत अंगावर स्वेटर, शाल, मोजे असतात. ते उतरवूनच, नाहीतर आकडा फसवतो. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, बहुधा अंगात साठलेलं पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहा; राहिला तर ती पाण्याची सूज. झोपताना उशा वाढवाव्या लागल्या तर तेही सांगा. चिवडा, पापड, लोणचं आवराच, मिठाने अंगात पाणी साठतं. आणि गोदाघाटावर जायचंय म्हणून पाण्याची गोळी (लघवीवाटे जादा पाणी काढणारी) परस्पर चुकवू देऊ नका. वेळ बदलता येईल का, डॉक्टरांना विचारा.