ओढ्याकाठच्या ज्येष्ठांना मतदानापर्यंत कसं न्यायचं

सहकारनगरात आमच्या सोसायटीच्या जिन्यालगत भिंतीवर एक मळकट रेघ आहे, माझ्या कमरेच्या चार बोटं वर. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा इथवर चढला होता. पुढे रंगकाम निघालं तेव्हा मी ती रेघ पुसू दिली नाही. 15 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी आम्ही सात-आठ जण हवामान बदल आणि मतदान यांबद्दल बोलायला आमच्या प्रभागातल्या ज्येष्ठ मतदारांकडे जात होतो, आणि त्या कामाची सुरुवात या रेघेपाशीच झाली. तुमच्याकडे निवडणूक लागेल तेव्हा उपयोगी पडावं म्हणून काय केलं आणि काय चुकलं, ते लिहिते.

पहिल्या भेटीत ‘हवामान बदल’ हा शब्द काढू नका. विरंगुळा केंद्रातल्या आमच्या पहिल्या बैठकीला मी तापमानाचे आलेख छापून नेले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाच मिनिटांत कुणाला औषधाची वेळ आठवली, कुणाला नातवाची शाळा. पुढच्या आठवड्यात आलेख घरी ठेवले आणि एवढंच विचारलं, “त्या रात्री तुम्ही कुठे होतात?” दीड तास कुणी उठलं नाही. 82 वर्षांच्या एक आजी तळमजल्यावर एकट्या राहतात. त्या सांगत होत्या: दिवे गेले, पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तशा त्या स्टुलावरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढल्या. एका हातात देवघरातला बाळकृष्ण, दुसऱ्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी. फ्रिज आडवा होऊन तरंगत दाराशी अडकला होता, त्यामुळे बाहेरून शेजाऱ्यांना दार लोटता येईना. सांगताना त्यांनी ओटा किती उंच ते हाताने दाखवलं आणि तो हात बराच वेळ तसाच राहिला.

मग एका काकांनी 12 जुलै 1961 काढला. पुण्यातल्या जुन्या माणसांत पानशेत निघतंच. त्याचं कारण वेगळं होतं, तिथे धरण फुटलं होतं. पण पाणी चढताना पाहिलेल्या माणसाला ओढ्याचं पात्र अरुंद झालं की काय होतं, ते शिकवावं लागत नाही. कुठे भिंत आली, कुठे भराव पडला, पूर्वी पात्र किती रुंद होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते लिहून घ्या. वहीत वर्ष, जागा आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. नाव मात्र विचारूनच.

एवढं झाल्यावर हवामानावर या. मी असं सांगते: हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून पूर्वी दिवसभर रिपरिपणारा पाऊस आता दोन तासांत कोसळतो. उन्हाबद्दल बोलताना थेट त्यांच्याच शरीराबद्दल बोला. वय वाढलं की तहान कमी लागते, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी लवकर उतरतं. ‘नातवंडांसाठी मत द्या’ हे आर्जव मला पटत नाही. धोका आज त्यांना स्वतःला आहे, मग त्यांच्या नावानेच मागावं.

दुसरं काम यादीचं. ते सगळ्यात आधी हाती घ्या, आम्ही उशीर केला. महापालिकेसाठी विधानसभेची मतदारयादी ठरावीक तारखेची धरतात. या वेळी ती तारीख 1 जुलै 2025 होती. आम्ही नोव्हेंबरात घरोघर गेलो तेव्हा मुलाकडे राहायला आलेल्या कितीतरी आजी-आजोबांची नावं जुन्या पत्त्यावरच होती, आणि वेळ निघून गेली होती. नवं नाव घालायला नमुना 6, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना 8. निवडणुकीची चाहूल नसतानाच हे अर्ज भरून घ्या. फोनवर ओटीपी आला की बरेच जण बिचकतात, आणि फसवणुकीचे इतके प्रकार घडत असताना ते बरोबरच आहे. म्हणून शेजारी बसून, अर्ज त्यांच्याच फोनवरून त्यांना भरू द्या.

85 वर्षांवरच्यांना घरून मतदानाची सोय लोकसभा आणि विधानसभेला मिळते. त्यासाठी नमुना 12-डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. महापालिकेला ती सोय धरून चालू नका. तिथे केंद्रापर्यंत जावंच लागतं.

उमेदवारांना द्यायचे प्रश्न तीनच ठेवा आणि ते ज्येष्ठांकडूनच काढून घ्या. आमचे असे होते. ओढ्याच्या पात्रात आणि काठावर नवं बांधकाम आणि भराव होऊ देणार नाही, हे लिहून द्याल का? पावसाळ्याआधीच्या नालेसफाईची पाहणी नागरिकांना बरोबर घेऊन कराल का? बसथांब्यांवर सावली आणि प्यायचं पाणी केव्हापर्यंत येईल? कागदावर मोठा ठळक टाइप, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराला जागा, शेवटी सही. प्रत्येक पक्षाच्या आणि अपक्ष उमेदवाराला तोच कागद द्यायचा. आलेली उत्तरं जशीच्या तशी फलकावर लावायची, ज्यांचं आलं नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर नाही’. कुणाला मत द्या हे आम्ही एकदाही सांगितलं नाही, आणि त्यामुळेच सगळ्या घरांत दार उघडलं गेलं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: शाल-श्रीफळ घ्यायचं नाही. ज्येष्ठांचा सत्कार करायला उमेदवारांना आवडतं. आमच्या एका बैठकीत शाली आल्या, फोटो झाले, चहा झाला, आणि प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा सगळे गप्प. खांद्यावर शाल असताना जीभ जड होते. पुढच्या बैठकीचं आमंत्रण देतानाच आम्ही स्पष्ट सांगितलं की सत्कार नको.

बैठक सकाळी साडेदहाला किंवा संध्याकाळी पाचला ठेवा. दुपारी एक ते चार फोनसुद्धा करू नका. मी टेलिफोन खात्यात 34 वर्षं काढली आहेत, तो अनुभव सांगते: व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचला जातो, पण फोनवर ‘येते हं’ म्हटलं की माणूस येतो. आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा, ती मनापासून करा, मग कामाचं बोला.

मतदान कसं करायचं याचा सराव जरूर घ्या. पुण्यात बहुतेक प्रभाग चार जागांचे आहेत, म्हणजे एका मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. सवयीने एक बटण दाबून परत फिरणारे खूप. चारही जागांचं मतदान झाल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’. आम्ही पुठ्ठ्याचं यंत्र केलं: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा आणि फिकट निळा असे चार कागद चिकटवले, बटणांच्या जागी शर्टाची बटणं शिवली. पुठ्ठ्यावर उमेदवारांची नावं किंवा चिन्हं अजिबात नकोत. ओट्यावर चढलेल्या त्या आजींनी तीन वेळा सराव केला, चौथ्यांदा शेजारणीला शिकवलं.

मतदानाच्या दिवशी उमेदवाराच्या गाडीतून कुणालाही नेऊ नका, मतदारांची अशी ने-आण कायद्याने गैरप्रकार आहे. आम्ही जोड्या लावल्या: एक चालू शकणारा, एक काठीवाला. रिक्षा लागली तर भाडं ज्याचं त्याने दिलं. ओळखपत्र, चष्मा, पाण्याची बाटली आणि यादीतला अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी आदल्या रात्रीच पिशवीत. मतदान साडेसातला सुरू झालं, पण थंडी होती म्हणून आम्ही नऊनंतर निघालो. मे महिन्यातली निवडणूक असेल तर उलट करा, दहाच्या आत सगळे घरी परतलेले हवेत. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत आपल्या प्रश्नांचा कागद बाहेर काढायचा नाही.

निकालानंतर फलक उतरवू नका. निवडून आलेल्यांचे सही केलेले कागद वेगळे काढा, त्यांच्या प्रती करून त्यांना नेऊन द्या आणि पाहणीची तारीख तिथेच लिहून घ्या. आम्ही मेचा पहिला आठवडा मागितला आहे, सकाळी साडेसात, ओढ्यावरच्या पुलापाशी. मोजायची टेप मी आणणार आहे. पूर्वी पात्र कुठवर होतं, ते पुलावर उभं राहून पानशेतवाले काका दाखवणार आहेत.