पैसेवाल्याचाच कप नको असेल, तर लीगचे नियम असे लावा

आमच्या चोपडा तालुक्यात कपाशीची वेचणी ओसरली की टेनिस क्रिकेटच्या लीगा लागतात. संघमालक म्हणजे जिनिंगवाला, केळीचा व्यापारी, वाळूचे डंपर चालवणारा, आणि एखाद-दुसरा संघ गावाने वर्गणी काढून उभा केलेला. कप कुणाचा, ते लिलावाच्या संध्याकाळीच कळतं. ‘ज्यानाकडे पैसा, त्यानाच कप,’ पोरं तोंडावर म्हणतात. मी कमिटीत आहे, स्कोअरचं टेबल माझ्याकडे. थ्री फेज लाइट रात्रीची असली की मोटर सुरू करायची आणि बांधावर बसून मोबाइलवर अमेरिकेतलं बेसबॉल बघायचं, ही माझी खोड. तिकडच्या संध्याकाळच्या मॅची आपल्याकडे पहाटे लागतात. दुखणं तिथंही हेच आहे, म्हणून तुमच्या लीगसाठी त्यांच्याकडून काय घ्यायचं ते सांगतो.

लिलाव रुपयांत करू नका, पॉइंटांत करा; सगळ्यांना सारखे. एवढं बहुतेक ठिकाणी होतं. बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादाच नाही. मालकांनी ती आणायची म्हटलं तेव्हा 1994 मध्ये खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, झालीच नाही. त्याऐवजी कर आहे: 2025 साली संघाचा पगार 24.1 कोटी डॉलरच्या वर गेला की दंड. लॉस एंजेलिसचे डॉजर्स तो दंड भरतात आणि कपही नेतात, 2024 ला नेला, 2025 लाही. तेव्हा दंडाच्या भरवशावर राहू नका. आमच्या जिनिंगवाल्याला पाच हजारांचा दंड म्हणजे चहापाणी.

पॉइंट सारखे केले तरी खरा पैसा मागच्या दाराने येतो. बऱ्हाणपूर, मालेगाव, सुरतेहून आणलेला फलंदाज बेस प्राइसला का बसतो? पाकीट वेगळं असतं म्हणून. डॉजर्सने शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला, त्यातले 68 कोटी नंतर द्यायचे ठरवले. कराच्या हिशेबात त्यामुळे तो वर्षाला 7 ऐवजी साधारण 4.6 कोटींचा धरला जातो. तिथं हे कायदेशीर आहे. तुम्ही मात्र बाहेरचे खेळाडू संघामागे दोनच ठेवा आणि आधार कार्ड लिलावाआधी तपासा. पाकीट तुम्हाला पकडता येणार नाही, माणसं मोजता येतात.

आता मुख्य गोष्ट. बॅनर, यूट्यूब लाइव्हच्या जाहिराती, स्टॉलचं भाडं, सगळ्यातला निम्मा वाटा एका डब्यात टाका आणि संघांत सारखा वाटा. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नातले 48 टक्के असे सामायिक टाकतो. पण वाटलेला पैसा मैदानावर खर्च होतोच असं नाही. 2018 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध हीच तक्रार केली होती. आपल्याकडे तर मालक त्यातून जेवणावळ घालील. म्हणून रोख देऊ नका. बॅट, किट आणि गाडीभाडं द्या. आमच्याच तालुक्यातल्या वैजापूर, लासूरकडच्या पावरा आदिवासी पोरांचा हात दगडासारखा भक्कम. सरावाला येत नाहीत, कारण संध्याकाळी परत जायला गाडी नसते.

ह्याच पोरांसाठी ड्राफ्ट ठेवा. 19 वर्षांखालचा नवा खेळाडू लिलावात घालूच नका. मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाने आधी निवडायचं. बेसबॉलमध्ये हे 1965 पासून आहे. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून अलीकडे पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी काढतात. तुम्ही तळाच्या तिघांत चिठ्ठ्या टाका. निवडलेला पोरगा त्याच संघाकडे तीन मोसम राहिला पाहिजे. तिथं मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं पुरी झाल्यावर खेळाडू मोकळा होतो. ही मुदत खेळाडूच्या कमाईला मारक आहे, हे खरं. म्हणून तीन पुरे, सहा नकोत.

स्कोअरबुक सगळ्यांना बघू द्या. 2002 मध्ये बेसबॉलच्या ओकलंड संघाचा पगार 4 कोटी डॉलरच्या आसपास, न्यूयॉर्कच्या यांकीजचा 12 कोटींच्या वर, आणि दोघेही 103 सामने जिंकले. बाकीचे लांब फटक्यांकडे बघत होते तेव्हा ओकलंडने बेसवर, म्हणजे धाव काढताना गाठायच्या टप्प्यावर, पोचणारे खेळाडू हेरले. बाहेरचे चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. आठ षटकांच्या सामन्यात मी निर्धाव चेंडू वेगळे लिहितो. वर्गणीच्या संघाला स्वस्तातला गोलंदाज तिथंच सापडतो. सिक्सरवाल्याच्या मागे जाऊ नका.

नियम दिवाळीआधी लिहून काढा, प्रवेश फी घेण्याआधी सह्या घ्या. पहिली सही सर्वांत जास्त खर्च करणाऱ्याची. तो कुरकुरला तर त्याला गेल्या वर्षीच्या फायनलची गर्दी आठवून द्या: एकतर्फी सामना, सहाव्या षटकाला भेळवाल्यानेही गाडी आवरली होती.