वेचणीनंतर शाळेत परतलेलं लेकरू

कापसाची पऱ्हाटी फुटून वेचणी लागली की तिसरी-चौथीतली काही लेकरं धाकट्याला सांभाळायला घरी थांबतात, काही मायबापासोबत वावरात जातात. महिनाभरानं परतलेलं लेकरू मागं बसतं आणि लिहिलेलं दिसू नये म्हणून वहीवर हात ठेवतं. त्याला आळशी ठरवायची घाई नको. बहुतेक वेळा ती लाज असते.

‘इतके दिवस कुठं होतास?’ हे सगळ्यांदेखत विचारू नका. मधल्या सुट्टीत, खिचडी झाल्यावर, 5 मिनिटं बाजूला बसवून चार ओळींचा उतारा द्या. अडलं तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. जिथं न अडखळता वाचतं, तिथून रोज 15 मिनिटं सुरुवात करा. थेट चालू धडा दिला, तर ते शेजाऱ्याची वही उतरवतं आणि गुरुजींना वाटतं जमलं! जोडीला वर्गातला पहिला नंबर नको, थोडंसंच पुढं असलेलं लेकरू बसवा.

‘मले नाई समजलं’ म्हटल्यावर लगेच ‘मला म्हण’ केलं, की पुढचा प्रश्न येतच नाही. आधी शंका सोडवा. प्रमाण रूप नंतर फळ्यावर येऊ द्या. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या लेकरांना तर हे जास्तच लागू.

फळ्यावरचं सारखं चुकीचं उतरवत असेल तर डोळे तपासून घ्या.

घरी दिवेलागणीनंतर जा, तक्रार नको, वही न्या. धाकटं 3 वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीत घालायचं सुचवा.