चहूबाजूंनी गाणं : सराउंड अल्बम ऐकायचे कसे, जमवायचे कसे

पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३च्या अल्बममधलं ‘टाइम’ हे गाणं घड्याळांच्या गजरांनी सुरू होतं. दोन स्पीकरवर ती सगळी घड्याळं समोर एका गठ्ठ्यात खणखणतात. सराउंडमध्ये, म्हणजे पुढेमागे सगळीकडे स्पीकर असतील तेव्हा, मात्र ती खोलीभर पसरतात आणि आपण घड्याळजीच्या दुकानात मधोमध उभे आहोत असं वाटतं. साउंड इंजिनिअर अॅलन पार्सन्स यांनी ती खरोखरच जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती. तेही या गाण्यासाठी नव्हे, तर चार स्पीकरच्या क्वाड्रोफोनिक पद्धतीचं प्रात्यक्षिक दाखवायला. म्हणजे ते आवाज जन्मालाच आले चहूबाजूंनी ऐकवण्यासाठी.

सराउंड म्हणजे सिनेमातली हेलिकॉप्टरं आणि स्फोट, गाण्याला दोन स्पीकर पुरे, असं पुष्कळांना वाटतं. ज्यांनी आषाढीच्या दिंडीत मधोमध चालून पाहिलंय त्यांना मी एवढंच विचारतो, की टाळ कुठून ऐकू येत होते? पुढून, मागून, दोन्ही अंगांनी. मृदंग एकीकडे, वीणेकरी दुसरीकडे. चांगलं सराउंड मिक्स, म्हणजे कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून यावा याची इंजिनिअरने केलेली मांडणी, तुम्हाला अशा जागी नेऊन उभं करतं. त्यासाठी लागणारी सामग्री अनेक घरांत धूळ खात पडलेली असते. कधीकाळी घेतलेलं ५.१चं (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) होम थिएटर माळ्यावर असेल तर ते खाली काढा.

आधी खुर्ची, मग स्पीकर

आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवायची रीत आहे आणि सराउंडचा घात तिथेच होतो. मागचे स्पीकर मग डोक्यावर, छताजवळ ठोकले जातात आणि त्यातून नुसता गोंगाट ऐकू येतो. गाण्यासाठी पाचही स्पीकर शक्यतो कानाच्या उंचीला हवेत, आणि ऐकणाऱ्याच्या मागे थोडी मोकळी जागा हवी.

मोजमापासाठी एक सुतळी पुरते. समजा हॉल दहा फूट रुंद आहे. साडेचार फुटांची सुतळी घ्या आणि तिचं एक टोक खुर्चीत बसल्यावर डोकं जिथे येतं तिथे कुणाला तरी धरायला सांगा. दुसरं टोक ताणून पुढचा डावा आणि पुढचा उजवा स्पीकर ठेवा. या दोघांमधलं अंतरही त्याच सुतळीएवढं, साडेचार फूट. तीन बाजू सारख्या झाल्या की मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस अंशांचा कोन आपोआप मिळतो, आणि प्रमाण मांडणीत तोच सांगितलेला आहे. सेंटर बरोबर मध्ये, टीव्हीखाली. मागचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे. सुतळीने सांगायचं तर पुढच्या डाव्यापासून मागचा डावा सव्वा सुतळीहून थोडा जास्त, जवळजवळ पावणेसहा फुटांवर येतो, आणि तुमच्यापासून पुन्हा साडेचार फुटांवरच. या हिशेबाने मागचे स्पीकर कानाच्या मागे जेमतेम दीड फूट जातात. सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढला की काम झालं. घरात रोज तशी जागा अडवणं शक्य नसेल तर मी करतो तसं करा. फरशीवर जागेच्या खुणा म्हणून रंगीत टेपचे छोटे तुकडे लावा. ऐकायच्या वेळी खुर्ची आणि मागचे दोन स्टँड खुणेवर आणायचे, झालं की परत भिंतीशी.

जुनी क्वाड (क्वाड्रोफोनिक) मिक्स चौकोनी मांडणी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. ती याही मांडणीवर छान वाजतात.

वायर जोडताना लाल ते लाल, काळा ते काळा हे प्रत्येक स्पीकरला दोनदा तपासा. एक जरी उलटा लागला तरी आवाज पोकळ होतो आणि दोष कुठे आहे ते चटकन सापडत नाही. जमिनीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असला की फरशी-भिंतींचा घुमारा कमी होतो.

रिसीव्हरला घर समजावून सांगा

रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायरचा डबा. बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा आणि मापं घेऊ द्या. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज रिसीव्हर तेवढा थांबवून सोडतो. एखादा स्पीकर सुतळीच्या मापात बसलाच नाही तर ही सोय उपयोगी पडते. लहान स्पीकर असतील तर ‘स्मॉल’ निवडा आणि ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरला द्या.

मग मागच्यांचा आवाज मुद्दाम वाढवायचा मोह होतो. तो टाळा. मिक्स करणाऱ्याने मागे काय, किती ठेवायचं ते फार विचारपूर्वक ठरवलेलं असतं. नाइट मोडही बंद ठेवा, कारण तो हळू आणि मोठ्या आवाजातला फरक खाऊन टाकतो.

कुठल्या डिस्कवर काय असतं

सोनी आणि फिलिप्सने १९९९मध्ये सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी आणली. पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींचा बहर थोडाच काळ टिकला, पण उत्तम सराउंड अल्बमांचा मोठा साठा त्यांच्यावरच आहे. ‘डार्क साइड’चं जेम्स गथ्री यांनी केलेलं ५.१ मिक्स २००३ साली एसएसीडीवरच आलं. आता हे काम ब्लू-रे करते.

एसएसीडीची मल्टी-चॅनल बाजू रिसीव्हरपर्यंत न्यायला एचडीएमआय केबल हवी, नाहीतर जुन्या पद्धतीच्या सहा वेगवेगळ्या अॅनलॉग केबल. ऑप्टिकल केबलमधून ती जातच नाही. प्लेअरच्या मेनूतही ‘मल्टी’, ‘स्टिरिओ’ आणि ‘सीडी’ असे पर्याय असू शकतात, तिथे ‘मल्टी’ निवडा. ब्लू-रेसाठी प्लेअरचं आउटपुट ‘बिटस्ट्रीम’वर आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद. हा शेवटचा पर्याय चालू राहिला तर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे ब्लू-रेवरचे उच्च दर्जाचे ट्रॅक रिसीव्हरपर्यंत मूळ रूपात पोहोचत नाहीत. डीव्हीडी-ऑडिओचा खास प्लेअर नसला तरी निराश होऊ नका. बऱ्याच डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजणारा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ट्रॅकही असतो, आणि तो ऑप्टिकलमधूनही जातो.

डिस्क नको असेल तर अॅपल म्युझिकने जून २०२१पासून डॉल्बी अॅटमॉसमधले (वरूनही आवाज येऊ शकेल अशी सराउंडची नवी पद्धत) अल्बम द्यायला सुरुवात केली. अॅपल टीव्ही ४के रिसीव्हरला जोडला की ते हॉलमध्ये ऐकता येतात. ओळख करून घ्यायला ही वाट स्वस्त आणि चांगली. मात्र इंटरनेटवरून येणारं अॅटमॉस दाबून छोटं केलेलं असतं, ब्लू-रेवरचं ट्रूएचडी एक कणही न गमावता येतं. शिवाय जे आज यादीत आहे ते उद्या असेलच असं नाही. म्हणून जो अल्बम जिवाला लागला तो मी डिस्कवर घेतोच.

खरं मिक्स की फुगवलेलं?

संग्रह करणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. खरं सराउंड मिक्स मूळ मल्टी-ट्रॅक टेपवरून होतं. गिटार, ड्रम, कोरस वेगवेगळे हाताशी असतात आणि इंजिनिअर एकेकाची जागा ठरवतो. स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसन, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमांवर असं काम केलंय. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आपल्याकडे कॉलेजच्या प्रत्येक पिढीने गिटारवर वाजवलंय, त्या अल्बमचं ५.१ मिक्स एलियट शायनर यांनी केलं आणि ते डीव्हीडी-ऑडिओवर आलं.

याउलट जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या काही डीव्हीडींवर ठळक अक्षरांत ‘५.१’ छापलेलं असतं आणि आत असतं तेच दोन चॅनलचं, कधी मोनो गाणं, थोडा प्रतिध्वनी मिसळून पाच स्पीकरवर वाटलेलं. अशी एक डिस्क मी हौसेने घेतली होती. घरी आल्यावर मागच्या स्पीकरला कान लावला तर तेच गाणं, तोच गळा, फक्त पातळ आणि लांबून. ज्या गायकांवर आपण जीव टाकतो त्यांच्या आवाजाची अशी पाणी घातलेली प्रत विकली जावी याचा मला आजही राग आहे.

ही परीक्षा तुम्हीही करा. गाणं लावा आणि मागच्या स्पीकरजवळ जाऊन उभे राहा. तिथे एखादं वाद्य किंवा कोरस स्वतःच्या अंगाने, भरीव वाजत असेल तर मिक्स खरं. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे नुसत्या टाळ्या आणि सभागृहाचा गुंजारव असेल तर तेही खरंच आहे. आपल्या शास्त्रीय बैठकीचं मिक्स व्हावं तर असंच. गायक समोर आणि मागून फक्त रसिकांची दाद, एखादं हळूच निघालेलं ‘वाह’. मागून तबला वाजला तर मला ते रुचणार नाही. नॉर्वेची टूएल ही कंपनी वेगळ्या वाटेने जाते. ती चर्चमध्ये वादकांना माइकभोवती गोल बसवून रेकॉर्ड करते. तिथे ऐकणारा वादकांच्या घोळक्यात बसतो, आणि त्या संगीताला ते शोभतं.

रिसीव्हरच्या पाटीवरही नजर ठेवा. ‘मल्टी चॅनल’, ‘डीएसडी’ (एसएसीडीवरचा आवाज याच रूपात असतो), ‘डीटीएस-एचडी’ किंवा ‘अॅटमॉस’ दिसलं तर ठीक. नुसतं ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ दिसलं तर रिसीव्हर स्टिरिओचंच पाचांत वाटप करतोय. क्वाड डिस्कवर सेंटर आणि सबवूफरचे चॅनल मुळातच नसतात, तेव्हा सेंटर मुका राहिला म्हणून वायर उपसत बसू नका.

विकत घेताना

एसएसीडी असं लिहिलं म्हणजे सराउंड आहेच असं नसतं. कित्येक एसएसीडी फक्त स्टिरिओ असतात. मागच्या कव्हरवर ‘मल्टी-चॅनल’ हा शब्द शोधा, ब्लू-रेवर ‘५.१’, ‘४.०’ (म्हणजे क्वाड) किंवा ‘अॅटमॉस’. डिस्कॉग्ज या अल्बमांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर कव्हरवरचा कॅटलॉग नंबर टाकून नेमकी तीच आवृत्ती आहे ना ते पडताळा, कारण एकाच अल्बमच्या चार आवृत्त्यांतली एखादीच सराउंड असते. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा. दोन-तीन मित्रांनी मिळून एकदम मागवलं तर टपालखर्च वाटला जातो.

सुरुवात करायला ‘डार्क साइड’ घ्या किंवा बीटल्सच्या ‘अॅबी रोड’चा २०१९चा संच, ज्यातल्या ब्लू-रेवर अॅटमॉस आणि ५.१ दोन्ही आहेत. आपल्याकडचं हवं असेल तर बंगळुरूच्या रिकी केज यांनी स्टुअर्ट कोपलंड यांच्याबरोबर केलेला ‘डिव्हाइन टाइड्स’ ऐका. २०२३मध्ये त्याला सर्वोत्तम इमर्सिव्ह ऑडिओ अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

जपणूक

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डिस्कपेक्षा पुस्तिका आधी बिघडते. पानं एकमेकांना चिकटतात, बुरशीचे ठिपके येतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डिस्क उभ्या ठेवा आणि पुड्या मधूनमधून बदला. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

मी एक वहीसुद्धा ठेवतो. अल्बमचं नाव, कॅटलॉग नंबर, मिक्स कुणाचं, आणि शेवटच्या रकान्यात ‘मागे काय ऐकू आलं’. दुसऱ्यांदा ऐकताना ती वही शेजारी असते, आणि तो रकाना बहुतेक वेळा वाढतो.