आधी ब्रेक, मग वेग: प्रशिक्षण आणि ट्रॅक डेमधून मोटारसायकल चालवण्याचे कौशल्य कसे वाढवावे

१९८१ मध्ये अमेरिकेत मोटारसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के जण आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकले होते, हा त्यातला आकडा नेहमी सांगितला जातो. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती संकटाच्या क्षणी हे चालक काय करत होते याची नोंद. धोका टाळण्यासाठी त्यांच्या हाती साधारणपणे दोन सेकंदही नव्हते, आणि तेवढ्या वेळात अनेकांनी मागचा ब्रेक जोराने दाबून चाक घसरवले, पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही, आणि हँडलच्या साहाय्याने गाडी झटकन बाजूला काढणे तर जवळजवळ कोणालाच साधले नाही. प्रशिक्षण हवे ते या दोन सेकंदांसाठी. त्या वेळी विचार करायला सवड नसते, म्हणून योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते.

सुरुवात ब्रेकपासून करावी. त्यासाठी वाहतुकीपासून बंद असलेले, कोरडे, खडीवाळू नसलेले मोकळे आवार आणि सोबत एक माणूस एवढे पुरते. पूर्ण संरक्षक पोशाख घालून ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने सरळ रेषेत यावे, जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवर ब्रेक लावावा आणि गाडी थांबली तिथे खूण करावी. पुढचा ब्रेक झटक्याने न आवळता तो दोन टप्प्यांत दाबायचा असतो. पहिल्या क्षणी बोटे हलकेच आवळली की पुढचे शॉक-अब्सॉर्बर खाली बसू लागतात, गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, टायर जमिनीवर अधिक पसरतो, आणि मग त्याच टायरला आधीपेक्षा कितीतरी जास्त जोर पेलतो. वजन पुढे येण्याआधीच ब्रेक खेचला तर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचे चाक जाम होते, आणि एबीएस असलेल्या गाडीतही थांबण्याचे अंतर विनाकारण वाढू शकते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, म्हणजे शरीराचा भार मनगटांवर येत नाही. एका वेगाला खुणा सलग पाच वेळा जवळजवळ एकाच जागी पडू लागल्या की मगच वेग ताशी १० किलोमीटरने वाढवावा.

हा सराव करताना एक हिशेब डोक्यात ठेवावा. ताशी ३० किलोमीटरला चांगला ब्रेक लावल्यावर साधारण ५ मीटर लागत असतील, तर तेवढ्याच जोराचा ब्रेक लावूनही ताशी ६० ला सुमारे २० मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. त्यात धोका ओळखून बोटे हलेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. हे अंतर एकदा स्वतःच्या पावलांनी मोजून पाहिलेला माणूस समोरच्या गाडीच्या मागे चिकटून चालवत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वळण घेण्यासाठी हँडल उलट दिशेला ढकलणे. ऐकायला विचित्र वाटते, पण मोटारसायकल थोडा वेग धरल्यावर अशीच वळते: डावीकडे जायचे असेल तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते, त्याने पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे झुकते. आपण अंगाच्या झोकाने गाडी वळवतो अशी अनेकांची पक्की समजूत असते. कीथ कोड या प्रशिक्षकांनी ती तपासण्यासाठी एका गाडीच्या सांगाड्यालाच न हलणाऱ्या मुठी बसवल्या होत्या. त्या धरून चालकाने कितीही अंग झुकवले तरी गाडी थोडीफार भरकटे, पण भरवशाने वळत नसे. ही गोष्ट समजून मूठ ढकलायला शिकलेला चालक रस्त्यावर अचानक आलेला खड्डा चुकवू शकतो. त्यासाठी मोकळ्या आवारात दोन शंकू ठेवून, मध्यम वेगात, ब्रेक न लावता आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूने निघण्याचा सराव करावा. वळवणे आणि ब्रेक लावणे ही दोन्ही कामे नवख्याने एकत्र करू नयेत.

अगदी हळू चालवण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवणे, क्लच अर्धवट धरून मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवत अरुंद जागेत यू-टर्न घेणे, हे आठवड्यातून पंधरा मिनिटे केले तरी तोल सुधारतो.

एवढी पूर्वतयारी झाली की प्रशिक्षणवर्गाला जावे. वर्ग निवडताना प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती आहेत आणि तो प्रत्येकाला चालवताना पाहून वैयक्तिक सूचना देतो का, हे विचारावे. दिवसभर नुसती व्याख्याने असतील तर त्याचा उपयोग मर्यादित असतो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि वर्गाचे खरे मोल तिथेच आहे. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवून शिकण्याच्या दिवशी, मला वाटत होते की मी सैल बसलो आहे. तिसऱ्या फेरीनंतर प्रशिक्षक माझ्या मागून आले आणि म्हणाले, सरळ पट्ट्यात कोपरे पंखांसारखी हलवून दाखवा. मी हलवायला गेलो तेव्हा कळले की कोपरे लाकडासारखी ताठ झाली होती. हातमोजे काढले तर तळव्यांवर मुठींच्या नक्षीचे लाल ठसे उमटलेले होते. गाडी वळणात थरथरते ही माझी तक्रार होती, आणि तो थरथराट माझ्याच हातांतून हँडलमध्ये जात होता.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, पादचारी नसतात, तेच वळण पुन्हा पुन्हा येते, आणि मदतीला वैद्यकीय पथक तयार असते, म्हणून ते शिकण्याचे ठिकाण ठरते. चालकांचे वेगानुसार गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते. गट निवडताना अभिमान बाजूला ठेवून सर्वांत खालचा घ्यावा. आदल्या दिवशी ब्रेक पॅडची जाडी, ब्रेक ऑइल, चेनचा ताण, टायरची स्थिती आणि सर्व नटबोल्ट तपासावेत. आरसे काढावेत किंवा झाकावेत, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावी. अनेक आयोजक रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरायला सांगतात, कारण कूलंटमधले ग्लायकोल सांडले तर ट्रॅक निसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही. टायर ट्रॅकवर खूप तापतात आणि आतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून तो किती ठेवायचा हे टायर बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेवरून ठरवावे आणि पाळीवरून आल्याबरोबर, टायर गरम असतानाच तो पुन्हा मोजावा. चामड्याचा पूर्ण सूट, पाठीचे संरक्षक कवच, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांत तडजोड नको.

सकाळच्या सूचना लक्ष देऊन ऐकाव्यात. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचे नाही. लाल दिसला की पाळी थांबली, वेग कमी करून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) परतायचे. काळा तुमच्याकडे दाखवला तर तुम्हाला एकट्याला आत यायचे आहे. मागे कोण येत आहे याची चिंता करू नये. सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची असते.

प्रत्येक पाळीला एकच काम ठरवून जावे, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. पहिली पाळी फक्त नजरेसाठी ठेवावी: ब्रेक कुठे, गाडी झुकवायची कुठे, वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ कुठे जायचे आणि बाहेर कुठे पडायचे, या चार खुणा प्रत्येक वळणावर शोधाव्यात, आणि एका खुणेशी पोचण्याआधीच नजर पुढच्या खुणेकडे न्यावी. गाडी नजरेमागे जाते. घाबरून ट्रॅकच्या कडेला टक लावून पाहणारा चालक तिथेच जाऊन पोचतो. दुसरी पाळी फक्त ब्रेकसाठी, तिसरी ॲक्सिलरेटरची मूठ हळुवार उघडण्यासाठी. घड्याळ लावून फेरीची वेळ मोजण्याचा मोह टाळावा.

वळणातील वेगाची किंमत कशी वाढते हेही आकड्यांत पाहावे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ६० ला गाडी सुमारे ३० अंश झुकते, ताशी ७० ला सुमारे ३८ अंश. म्हणजे केवळ १० किलोमीटरने टायरची पकड आणि झुकलेली गाडी जमिनीला घासण्याआधीचे अंतर यांची शिल्लक चांगलीच घटते. म्हणून वळणात थोडे सावकाश शिरून लवकर आणि हळुवार मूठ पिळणे हेच शिकाऊ चालकासाठी योग्य. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेण्याचे तंत्र पुढे शिकावे, तेही प्रशिक्षकाच्या नजरेखाली, कारण गाडी जितकी झुकते तितका टायरकडे ब्रेकसाठी जोर कमी उरतो.

दुपारनंतर शरीर थकते आणि चुका तेव्हाच होतात. पाणी सतत प्यावे, आणि खुणा निसटू लागल्या, ब्रेक उशिरा लागू लागला की शेवटची पाळी सोडून द्यावी; पैसे भरले आहेत म्हणून ट्रॅकवर उतरणे चूक. ट्रॅकवर वळण घेण्याची रेषा रस्त्यावर आणू नये, कारण रस्त्यावर आंधळ्या वळणापलीकडे खडी, जनावर किंवा समोरून येणारा ट्रक असू शकतो. आणावी ती नजर, ब्रेकवरची बोटे आणि सैल कोपरे. परतीच्या प्रवासापूर्वी आरसे बसवावेत, चिकटपट्टी काढावी, टायरमधली हवा थंड झाल्यावर रस्त्यासाठी सांगितलेल्या दाबाइतकी भरावी, आणि घरी पोचल्यावर रेडिएटरमध्ये पुन्हा कूलंट घालायला विसरू नये.